रान जुनं की नुसतं हिरवं? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहून गेले होते, की इंग्लंडात काही रानफुलं अशी आहेत जी दिसली की तिथले लोक म्हणतात, हे जंगल चारशे वर्षं तरी जुनं असणार. तेवढ्यावर इतके मेसेज आले की आंब्याच्या मोहराचे आणि कुंडीतल्या जास्वंदीवरच्या मिलीबगचे सगळे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकललेत. जास्वंदवाल्यांनी तोवर निंबोळी तेल मारत राहावं. आज फक्त रान.

मॅडम, मी कन्नड तालुक्यात शिक्षक आहे, गौताळा आम्हाला जवळ. तिथलं असं एखादं फूल सांगा ना, की दाखवलं की पोरांना सांगता येईल, बघा, हे जंगल इतकी वर्षं जुनं. एकच सांगा, लक्षात राहील असं.
— एक शिक्षक, कन्नड

सर, एकच मागितलंत ना, तिथंच घोटाळा आहे. आधी इंग्लंडचं काय ते सांगते.

तिकडं 'प्राचीन जंगल' म्हणजे जिथं १६०० सालापासून आजपर्यंत सलग झाडी आहे ती जागा, स्कॉटलंडमधे हीच तारीख १७५० धरतात. १६०० च का, तर त्याआधी मुद्दाम जंगल लावायची फारशी पद्धत नव्हती, म्हणजे १६०० ला जे रान होतं ते बहुतेक आपलं आपण उगवलेलं. असं रान आता ब्रिटनच्या एकूण जमिनीत अडीच टक्क्यांच्या आसपास उरलंय. ते ओळखायला नकाशे बघतात, जुनी कागदपत्रं बघतात, आणि पायाखालची फुलं बघतात. ब्लूबेल नावाचं निळं कंदवर्गीय फूल आहे, त्याचं बी जड, आईच्या पायाशीच पडतं, आणि त्या बीपासून फूल यायला पाचेक वर्षं जातात. वुड ॲनिमोनी तर त्याहून आळशी, जमिनीतल्या खोडानं सरकत सरकत शंभर वर्षांत साधारण सहा फूट जातं म्हणतात. आता असलं झाड पाच एकरभर पसरलेलं दिसलं तर ते काल आलेलं नाही हे सांगायला कुणी शास्त्रज्ञ लागत नाही. आणि एकदा नांगर फिरला की ते संपलं, नंतर वरती कितीही झाडं लावा, खाली ते परत येत नाही, आलं तरी आपल्या नातवांच्या नातवांना दिसेल.

म्हणजे खूण कशाची, तर जे चालत नाही त्याची. जे वाऱ्यावर उडतं, शेरडांच्या पोटातून जातं, ट्रॅक्टरच्या टायरला चिकटून येतं, त्याला वय विचारून उपयोग नाही.

पण तिथंही एका फुलावर कुणी निकाल देत नाही बरं का. जॉर्ज पीटरकेन यांनी १९७० च्या दशकात लिंकनशायरमधे या यादीचं काम केलं, फ्रान्सिस रोझ यांनी दक्षिण इंग्लंडसाठी शंभर वनस्पतींची यादी केली, आणि एका भागाची यादी दुसऱ्या भागाला जशीच्या तशी लागत नाही हे तिकडंही मान्य आहे. हेच ब्लूबेल पश्चिमेकडच्या ओलसर किनाऱ्यावर उघड्या कड्यांवरसुद्धा येतं, तिथं त्यावरून जंगलाचं वय काढलं तर फसाल. म्हणून बघायचं ते एकाला नाही, सगळ्या बिऱ्हाडाला. यादीतली किती जणं एकत्र नांदतायत ते.

आता गौताळा. अभयारण्य झालं १९८६ साली, २६० चौरस किलोमीटर, छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव दोन्ही जिल्ह्यांत पसरलेलं. कोरडं पानगळीचं जंगल. इथं सावली वर्षातून सहा महिनेच असते, दर काही वर्षांनी वणवा लागतो, गुरं चरतात, सरपण जातं, त्यामुळं 'दाट सावलीत वाढणारं नाजूक फूल' हा इंग्लंडचा हिशोब इथं चालत नाही. इथं टिकतं कोण, तर ज्याचा जीव जमिनीखाली आहे. सागाचं रोप बघा, उन्हाळ्यात वरून जळून जातं, पावसात त्याच मुळातून परत फुटतं, असं वर्षानुवर्षं करत राहतं आणि मग एकदाचं वर निघतं.

माझ्या स्वतःच्या खुणा सांगते, या माझ्या फिरण्यातल्या आहेत, सरकारी यादी नाही. उतारावर धावडा आणि सालई एकमेकांना धरून असले तर मी थांबते. धावड्याचं बी ढिगानं पडतं पण त्यात भरलेला दाणा अगदी थोड्यांत, त्यामुळं मोकळ्या जागी धावडा आपणहून येऊन बसलाय असं सहसा होत नाही, उलट तोडला तर बुडख्यातून जोमानं फुटतो. लाडवातला डिंक आपण ज्याचा खातो तोच हा. मग कातळात पांढरंफेक, भुतासारखं उभं कांडोळ, काही गावांत त्याला भुत्याच म्हणतात. बिबा. चारोळी. आणि झाडांवर चढलेल्या मनगटाएवढ्या जाड लाकडी वेली, कारण जिथं कुऱ्हाड सारखी फिरते तिथं वेल कधी मनगटाएवढी होतच नाही.

हे झालं वरचं. आता तुमच्या पोरांसाठी खालचं. जुलैमधे दोन चांगले पाऊस झाले की जा आणि पायवाट सोडून दहा पावलं आत उकिडवे बसा. उभं राहून दिसत नाही. पाल्यातून शिंदीच्या रोपासारखी, घडीघडीची तीन-चार पानं आलेली दिसतील, आणि त्यांच्या बुडाशी, अगदी मातीला टेकून, सहा पाकळ्यांची पिवळी चांदणी. बोटाच्या पेराएवढी. ती काळी मुसळी. फूल वर, पण त्याचं बी धरणारं पोट पानांच्या म्यानात, जवळजवळ मातीतच दडलेलं. आसपास रानहळदीचे कोंब आणि सफेद मुसळीचे पांढरे तुरे असले, तर त्या मातीला नांगर लागलेला नाही असं मी पोरांना बिनधास्त सांगते. काळी मुसळी नाही दिसली तर मात्र लगेच उलटा निष्कर्ष काढू नका, कारण औषधासाठी ती इतकी उकरून नेलीय की चांगल्या जुन्या रानातूनही गायब आहे. आणि कळलावीवर भाळू नका. दिसायला रान वाटते, पण ती काटेरी कुंपणातही मजेत येते.

इतकी वर्षं जुनं, हा आकडा मात्र मी देणार नाही. आपल्याकडची अडचण अशी की वनस्पतींचे अभ्यासक कुक यांनी १९०१ ते १९०८ मधे मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ केला, पण मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे त्या इलाख्याच्या बाहेर. आपल्या झाडांची नीट नोंद व्हायला व्ही. एन. नाईक सरांपर्यंत थांबावं लागलं, १९७९ ला उस्मानाबाद जिल्ह्याचा ग्रंथ आणि १९९८ ला अख्ख्या मराठवाड्याचा. शाळेत तो नसेल तर जवळच्या कॉलेजच्या लायब्ररीत नक्की बघा, पोरांना आपल्या तालुक्याचं नाव ग्रंथात छापलेलं दाखवा, फार फरक पडतो.

ताई, आमच्याकडं पाणाडी म्हणतो उंबर असेल तिथं पाणी. मग झाडावरून ओळखणं हे इंग्रजांनी नवीन काय केलं?
— एक शेतकरी, हिंगोली

दादा, खरंय तुमचं. सहाव्या शतकात वराहमिहिरानं बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अख्खा अध्याय याच्यावरच लिहिलाय, जांभूळ, उंबर, अर्जुन, शेजारी वारूळ असलं तर कुठल्या दिशेला किती खोल पाणी वगैरे. त्यातलं किती लागू पडतं हा वाद वेगळा, आणि सातशे फुटाच्या बोअरचा अंदाज त्यावरून घेऊ नका, पण झाडाला साक्षीदार करायची युक्ती आपलीच जुनी आहे.

फरक एवढाच की उंबर आत्ताची खबर देतो. मुळं जातायत तिथं ओल आहे, बस. ओढ्याकाठी दहा वर्षांपूर्वी पक्ष्यानं बी टाकलं, उंबर झाला. धावडा-मुसळीचं बिऱ्हाड मागची खबर देतं, की इथं आजोबांच्या काळातही माती उलथली नव्हती. दोन्ही साक्षी खऱ्याच, पण एकीला दुसरीचा प्रश्न विचारला की गडबड होते.

आमच्या गावात मोहाचं एक झाड आहे, तीन माणसांच्या कवेत येत नाही. आजूबाजूला सगळी कपाशी. पूर्वी इथं मोठं जंगल होतं याचा हा पुरावा धरायचा का? आणि झाडाचं वय कसं काढायचं?
— कॉलेजचा विद्यार्थी, किनवट तालुका

झाड जुनं असणं आणि रान जुनं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोह कुणी तोडत नाही, फूल आहे, टोळंबीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल आहे, त्याच्यावर घरं चालतात. गोंड, कोलाम, आंध यांच्या गावांत मोहाच्या झाडाला वारस असतात. त्यामुळं जंगल कधी गेलं, शेत कधी झालं, मोह आपला उभाच. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर 'हो' असं आहे, पूर्वी रान असण्याची शक्यता चांगली आहे, पण ते झाड एकटा म्हातारा आहे, गाव उठून गेलंय त्याचं.

मी तुमच्या जागी असते तर मोह सोडून खाली बघितलं असतं, धुऱ्यावर. टेंभुर्णीचे गुडघ्याएवढे धुमारे येतात का? विडीच्या पानाचं झाड, तुमच्याकडं उन्हाळ्यात फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, पुडे मोजले जातात तेच. ते मुळांतून पिलवे फोडतं, वरून कितीही छाटा, जाळा, नांगरा, बांधाकडंनं परत येतंच. जंगल तोडून शेत केलेल्या जागी ते पिढ्यान्पिढ्या चिवटपणे डोकं काढत राहतं. शेतकऱ्याच्या डोक्याला ताप, पण आपल्यासाठी पावतीच. पळसाचं तसं नाही, पळस उघड्या बरडावरही येतो, गुरं त्याला तोंड लावत नाहीत म्हणून उरतो, नुसत्या पळसावरून काही म्हणू नका.

वय काढायचं तर मोहाचं सोडा, सागाचं काढा, त्याची वर्षाची कडी नीट उमटते. कुठं कापलेला बुंधा दिसला तर पाणी मारून मोजा. पण एक बघा, एकाच बुडातून तीन-चार खोडं निघालेली असतील तर वरचं खोड चाळीस वर्षांचं आणि खालचं मूळ त्याच्या कितीतरी आधीचं असं असू शकतं. आणि साग रांगेत, सारख्या अंतरावर असला तर मोजायच्या भानगडीत पडू नका, ते लावलेलं आहे.

हो, अजून एक. गावांची नावं वाचा. हा माझा छंद आहे, एस्टीच्या पाट्या वाचत प्रवास करायचा. जाफराबाद तालुक्यात टेंभुर्णी आहे, भोकरदन तालुक्यात धावडा, कळंब तालुक्यात मोहा, धारूरकडं अंजनडोह, आणि पळसखेडे तर मोजायलाच नको. आज त्यातल्या किती गावांत नावातलं झाड उरलंय ते तुम्हीच जाऊन बघा. इंग्लंडातले लोकही गावांच्या नावांवरून गेलेली रानं शोधतात, तिथल्या जंगलांचा इतिहास लिहिणाऱ्या ओलिव्हर रॅकहॅम यांनी तर त्यावर भरपूर लिहिलंय.

आमच्या डोंगरावर पहिलं काहीच नव्हतं, आता चराईबंदी केल्यापासून सगळा हिरवागार झालाय, पाय ठेवायला जागा नाही. लोक म्हणतात जंगल परत आलं. पण त्यात शेळ्यासुद्धा जात नाहीत. खरंच आलंय का?
— एक ताई, पाटोदा, जि. बीड

ताई, शेळ्यांवर विश्वास ठेवा, त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

तुम्ही फोटो पाठवलाय त्यात घाणेरी आहे, म्हणजे टणटणी, गुलाबी-पिवळ्या गुच्छांची. मागं ओळीनं दिसतंय ते गिरिपुष्प. कडेला वेडी बाभूळ. तिन्ही अमेरिकेकडची. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या बागेत शोभेसाठी आणली, तिथनं तुमच्या डोंगरापर्यंत आली. गाजर गवत तर त्याहून अलीकडचं, पुण्यात १९५५-५६ च्या सुमारास पहिल्यांदा नजरेत भरलं, म्हणजे तुमच्या सासूबाईंच्या लहानपणी ते नसेल, विचारून बघा त्यांना. या मंडळींचा गुण एकच, बी बेसुमार आणि पसरायचा वेग दांडगा. सुरुवातीला इंग्लंडच्या ज्या आळशी फुलांचं सांगितलं त्यांच्या बरोब्बर उलट.

पण घाणेरी दिसली म्हणजे खाली सगळं संपलं असंही नाही. ती जुन्या रानातही घुसते. एखादी जागा निवडा, तिथली घाणेरी मुळासकट काढा (कोयत्यानं नको, दुप्पट फुटते) आणि दोन पावसाळे बघा काय वर येतं. नुसता तरोटा आणि रानतुळस आली तर समजा जमीन रिकामी होती. गवत आलं, टेंभुर्णीचा धुमारा आला, एखाद्या कंदाचं पान आलं, तर मला लगेच कळवा, मी येईन बघायला.

झाडाच्या सालीवर दगडफूल असलं तर जंगल जुनं असतं असं एका रीलमधे बघितलं. खरं का?
— परभणी

थोडं खरं, पण तिकडचं. वर ज्या रोझ यांचं नाव आलं त्यांनीच जुन्या जंगलातल्या दगडफुलांची पण यादी केली होती, कारण ते वर्षाला काही मिलिमीटर वाढतं आणि घाण हवा त्याला सोसत नाही. आपल्या कोरड्या उन्हात त्यावरून वय काढायला जाऊ नका. आणि येसूरमधे आपण टाकतो ते दगडफूल दुकानातलं, लांबच्या डोंगरांवरनं येतं.

आमच्या गावचं ४० एकर गायरान आहे, नुसता मुरमाड माळ, एक झाड नाही. एक कंपनी फुकटात २० हजार झाडं लावून द्यायली, जेसीबीनं खड्डे खांदायला पुढच्या आठवड्यात येऊलालेत. ठराव झालाय. तुमचं मागचं वाचून आमचा एक पोरगा म्हणायलाय की आधी बघा तिथं काही जुनं आहे का. माळावर काय जुनं असणार? आमच्या जिल्ह्यात आधीच जंगल नाही.
— उपसरपंच, लातूर जिल्हा

साहेब, त्या पोराला माझा नमस्कार सांगा. आणि जेसीबीला पावसाळा संपेपर्यंत थांबवता आलं तर थांबवा, एवढं आधी लिहिते, मग बाकीचं.

लातूरला जंगल एक टक्काही नाही हे खरंच आहे. त्यामुळं झाड लावतो म्हणणारा माणूस देवासारखा वाटतो, मलाही वाटतो. पण तुम्ही 'नुसता माळ' म्हणता ना, तो बहुतेक कुठल्या जंगलाचा उरलेला सांगाडा नाहीये. बालाघाटावरचा हा पातळ मातीचा, खाली कातळ असलेला, कमी पावसाचा माळ आपल्या जागी मुळापासून गवताचाच असू शकतो, जसं गौताळ्यात मुळापासून धावडा तसं. त्याला 'पडीक' हे नाव महसुलानं दिलं, कारण त्यातून सारा येत नव्हता. अजूनही देशाचा जो वेस्टलँड ॲटलस निघतो त्यात असले कितीतरी माळ मोडतात. गवताळ रानालाही वय असतं, आणि ते ओळखायची रीत तीच, की जे चालत नाही ते शोधायचं.

मला हे एका चुकीतनं कळलं. आमच्या कॉलेजच्या मागं एक असाच उतार होता. वीसेक वर्षं मी पोरांना तिथं न्यायचे, दर ऑगस्टमधे. एका दगडाशेजारी पाताळतुंबडी यायची, काही गावांत खरपुडी म्हणतात, गुराखी पोरं कंद उकरून खातात ती. बारीक वेल, आणि त्याला फूल म्हणजे कंदिलाचाच आकार, खाली फुगीर, मधे नळी, वर पाच पाकळ्या टोकाला जोडून केलेली जाळी. एकदा एक फूल ब्लेडनं उभं कापून पोरांना दाखवलं. आत तिळापेक्षा लहान चार माश्या जिवंत फिरत होत्या. नळीच्या आतून खाली वळलेले केस असतात, माशी आत जाते, बाहेर येता येत नाही, मग दिवसभरानं केस सुकतात, फूल लवतं आणि माशी पराग घेऊन मोकळी. पोरं अर्धा तास हलली नाहीत तिथनं. पुढं रिटायर व्हायच्या आदल्या वर्षी त्याच उतारावर वृक्षारोपण झालं, मोठा कार्यक्रम, मीच माईकवर आभार मानले. मला सुचलंच नाही. पावसाळ्यात गेले तर दीड-दीड फुटाचे खड्डे, मुरूम वर, माती खाली, दगड गेला, पाताळतुंबडी गेली, आणि लावलेल्या गुलमोहरातलं बहुतेक तिसऱ्या उन्हाळ्यात वाळलं. आता तिथं गाजर गवत आहे.

तर तुमच्या माळावर काय बघायचं. आत्ता काही दिसणार नाही, ऊनच ऊन. पहिली फेरी मिरगाच्या पावसानंतर दोन-तीन आठवड्यांनी, तेव्हा कंदवाली मंडळी वर येतात, दीपकाडीचे तुरे, पाताळतुंबडी, जमिनीवर येणारे ऑर्किड. हो, ऑर्किड, हिरवट-पांढऱ्या फुलांचे, मुरमात येतात, त्यांचं धुळीसारखं बी मातीतल्या ठरावीक बुरशीच्या मदतीशिवाय रुजतच नाही, म्हणून ते दिसलं की माती अजून शाबूत आहे असं समजायचं. दुसरी फेरी सप्टेंबर-ऑक्टोबरात, गवत फुलल्यावर. त्यात क्रम असतो. पवन्या आणि मारवेल भरपूर असलं तर माळ अंगानं धडधाकट. चराई वाढत गेली की पवन्या मागं पडतो आणि कुसळी माजते, तीच जी धोतरात रुतते आणि मेंढ्यांच्या अंगात घुसते. अजून रगडला की तीन कुसळांचं राठ, बारीक गवत उरतं ज्याला गुरं तोंड लावत नाहीत, आणि मग तरवड. हे ओळखायला मला बोलवायची गरज नाही, गावातल्या म्हाताऱ्या धनगराला घेऊन चाला, तो बुटानं गवत उलथून सांगेल.

गवतातल्या प्राण्यांचं विचारा त्यालाच. माळटिटवी जमिनीवर अंडी घालते का, धाविक दिसतो का, खोकडाचं बीळ आहे का, लांडगा शेवटचा कधी बघितला. यातल्या कुणालाच झाडं नको आहेत. माळटिटवीला तर लांबवर दिसलं पाहिजे, तिच्या चौफेर गिरिपुष्प लावलं तर ती जाते.

झाडं लावूच नका असं मी म्हणत नाहीये, तसा ठरावही आता फिरवता येणार नाही हे मला कळतं, गावकी मीही बघितलीय. पण २० हजार खड्डे ४० एकरांत म्हणजे एकरी पाचशे, हे तुम्हीच हिशोब करा, माळ काय राहणार. कंपनीला म्हणा, जागा बदलून द्या. नाल्याच्या दोन्ही काठांना करंज, जांभूळ, उंबर. शाळा, स्मशानभूमी, पाणंद रस्ता, गावठाण, तिथं लिंब, चिंच, वड. गायरानाच्या लवणात जिथं माती जमलीय तिथं थोडी बोर-बाभूळ. बाकी माळ दोन वर्षं चराईबंद करून कापणीचा लिलाव करा, गवत विकून ग्रामपंचायतीला पैसेही मिळतील, आणि झाडांना टँकर लावावा लागतो तसा गवताला लागत नाही. कंपनीच्या माणसाला बोर्डावर आकडा हवा असतो, तो 'हेक्टर गवताळ राखीव' असा पण लिहिता येतो, सुचवून बघा.

आमच्या गावाबाहेर देवीचं रान आहे, दोन एकरही नसेल. कुणी तिथली काडी नेत नाही, अशी रीत आहे. आता मंदिराचा जीर्णोद्धार निघालाय, सभामंडप आणि चारी बाजूंनी पेव्हर ब्लॉक. मी अडवायला गेले तर म्हणाले, जुनं आहे याचा पुरावा आणा. पुरावा कसा आणू?
— एक आजी, भोकर तालुका

आजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही पानांचे आकार पेन्सिलनं काढून पाठवलेत त्यातली तीन मला ओळखता आली, कुसुम, बिबा आणि वेल आहे ती गुळवेल. कुसुमाची पालवी चैत्रात लालबुंद असते ना, तेच. कुसुम आणि बिबा आजूबाजूच्या शिवारात कुठंच नसतील आणि फक्त देवीच्या रानात असतील, तर तो तुमचा पहिला पुरावा.

कागदाचा पुरावा पण आहे. तहसीलला खासरा पाहणी पत्रक मिळतं, १९५४-५५ चं, त्याच्याही आधीचं निजामाच्या काळातलं सेतवार. मधे कुणबी नोंदींसाठी सगळा मराठवाडा ज्या दप्तरांमागं धावला, त्यातलीच ही. त्यात त्या सर्वे नंबरावर पीक लिहिलंय का परमपोक, म्हणजे लागवडीबाहेरची जमीन, लिहिलंय ते नातवाला बघायला सांगा. तेव्हाही पीक नसेल तर नांगर फिरलेला नसण्याची शक्यता मोठी. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवर दोन एकरांचा ठिपका कधी दिसतो, कधी नाही, पण बघायला हरकत नाही. आणि समितीतल्या शिकलेल्या मंडळींना सांगा की माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया हिंडून अभ्यासल्या आणि त्यावर परदेशातल्या जर्नलमधे लिहिलं. त्यांच्या देवराया मोठ्या आणि पावसातल्या, तुमची लहान आणि कोरडी, पण नियम तोच, देवीची काडी न्यायची नाही.

सभामंडप अडणार नाही आजी, तिथं भांडून तब्येत घालवू नका. पेव्हर ब्लॉकवर भांडा. मंदिरापुढं पंधरा फूट घ्या म्हणा, बाकी तीन बाजू सोडा. आणि एक गोष्ट आजपासून करता येईल, पैसे लागत नाहीत, ठराव लागत नाही: यात्रेच्या आधी पोरं सगळा पालापाचोळा झाडून पेटवतात ना, ते बंद करा. वाटेपुरता झाडा. बाकीचा तिथंच कुजू द्या, कोंब त्याच्याखालीच असतात.

जुलैत नातवाला मोबाईल घेऊन पाठवा, देवीच्या मागच्या बाजूला, जिथं माणसं जात नाहीत तिथं. जे जे नवीन पान मातीतून वर आलंय त्याचा फोटो, वरून एक आणि बाजूनं एक, उपटायचं नाही. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवायला सांगा, मागच्या वेळी एकानं फोटो पाठवला तो मी सुरण समजले आणि निघालं नखाएवढं रोप.